वाल, चणे आणि अथेन्सचा म्हातारा

दुपारी गॅलरीतल्या दोरीवरून चादर काढली आणि तिची घडी घालायला आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो. मोठी चादर, एकट्याने घडी होत नाही. सुमन म्हणाली, "अहो, तुमच्या बाजूला झोळ पडतोय, ताणून धरा." मी ताणून धरली. ती चालत आली, माझ्या हातातली टोकं घेतली, घडी कपाटात ठेवली आणि चहा टाकते म्हणाली. टाकला नाही. ओट्याला टेकून खाली बसली ती बसलीच. शेजाऱ्यांनी डॉक्टर आणला, त्याने नाडी धरली आणि सोडली. जाताना माणसं काहीतरी बोलतात म्हणे. आमचं बोलणं झोळाचं झालं.

आता आमच्या भांडुपच्या दिवाळी अंकवाल्या पोरांनी मला शाळेच्या नोकरीवर लिहायला सांगितलंय. मी चौथी शिकलेला. लिहितो ते बोलल्यासारखं होतं, त्यांनी सुधारून घ्यावं. नोकरीबद्दल लिहायला बसलो की सुमन मध्ये येते. तिला बाहेर ठेवून लिहायचं तर लिहिण्यासारखं फारसं उरत नाही, म्हणून येईल तशी येऊ देतो.

मी आधी गिरणीत होतो, साच्यावर कापड विणायचो. संप लांबला, गिरणीचं दार उघडेना, तेव्हा गाववाल्याच्या ओळखीने इथल्या एका शाळेत शिपाई म्हणून चिकटलो. शाळेत शिपायाला मामा म्हणतात. मुलं म्हणतात, मास्तर म्हणतात, मुलांचे बाप म्हणतात. गिरणीत मला नंबर होता, इथे नातं मिळालं.

लोकांना वाटतं शिपाई म्हणजे घंटा मारणारा. घंटा म्हणजे आमच्याकडे रुळाचा तुकडा टांगलेला आणि एक लोखंडी दांडा. तो बडवायला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती थांबायला. एखाद्या वर्गात तास रंगला की व्हरांड्यातून कळतं, पोरांच्या चपला वाजायच्या बंद होतात. अशा वेळी दांडा जरा सावकाश उचलायचा. हे कोणी शिकवत नाही आणि कोणी विचारलं तर कबूलही करायचं नाही. फळा महिन्यातून एकदा काळा करायचा, त्याला जुन्या सेलमधला कोळसा कुटून लावायचा. नकाशे कापडावर चिकटवलेले असतात, ते खालून वर गुंडाळायचे; वरून खाली गुंडाळले की हिंदुस्थानला मधोमध चीर पडते. पृथ्वीचा गोल स्टँडवरून निखळायचा, त्यात मी सळई ठोकली. तेव्हापासून पृथ्वी थोडी कुरकुरत फिरायची, पण पडली नाही.

गिऱ्हाईकंही नाना तऱ्हेची. एक बाप दर महिन्याला यायचा, पोराला वर्गातून बोलवा म्हणायचा. कशाला, तर मारायला. घरी त्याची आजी मध्ये पडते, म्हणून इथे मारतो. मी त्याला बाकावर बसवायचा, पाणी द्यायचा, पोरगा प्रयोगशाळेत आहे असं खोटं सांगायचा. पाणी पिऊन राग उतरायचा, मग बिचारा कामावर जायचा. शेवटपर्यंत त्याला कळलं नाही की पाचवीला प्रयोगशाळा नसते.

पण मला सांगायचंय ते दुपारच्या वर्गाचं.

तळमजल्यावरची एक खोली दुपारी रिकामी असायची. तिथे मोठ्या बायकांचा वर्ग भरायचा. लग्नापायी, भावंडांपायी शाळा सुटलेल्या बायका, त्या बाहेरून दहावीला बसायच्या. बाकं पोरांच्या मापाची, त्यात त्या कशाबशा मावायच्या. कोणी पोळ्या लाटून यायची, कोणी पापडाच्या कामावरून. इतिहास शिकवायला कर्णिक बाई. मुलुंडला राहायच्या, अंगाने बारीक, आवाज मात्र अख्ख्या मजल्याला पुरणारा.

सुमन मला डबा घेऊन यायची आणि रिकामा डबा न्यायला व्हरांड्यात थांबायची. ती गावी सातवी झालेली. माझ्यापेक्षा जास्त शिकलेली बायको केली म्हणून माझे मित्र मला टोचायचे. तर ती व्हरांड्यात उभी राहून ऐकायची. एक दिवस कर्णिक बाईंनी बाहेर डोकावून विचारलं, तुम्ही कोणाच्या? ती म्हणाली, मामांची मामी. बाई म्हणाल्या, मग मामी, ऐकायचंच आहे तर आत बसून ऐका, इथे माझा अर्धा आवाज फुकट जातोय. तेव्हापासून ती आत.

त्या वर्गासारखा वर्ग मी परत पाहिला नाही. मुलांना मोहेंजोदडो शिकवलं तर मुलं लिहून घेतात. ह्या बायकांना बाईंनी सांगितलं की हजारो वर्षांपूर्वी तिथे घराघरात न्हाणी होती, झाकलेली गटारं होती, तर वर्ग पेटला. आम्ही राहायचो भांडुपच्या डोंगरउतारावर, नळ खाली, घरं वर. एक जण म्हणाली, बाई, ते लोक गेले कुठे, त्यांना इकडे बोलवा. दुसरीने विचारलं, गटारं साफ कोण करायचं, ते लिहिलंय का पुस्तकात? बाई म्हणाल्या, नाही लिहिलं. आणि पुस्तक मिटून त्यावरच तास घेतला. इजिप्तच्या पिरॅमिडच्या वेळी तेच. एवढे दगड ओढणाऱ्यांना जेवण कोण रांधत होतं, हा सुमनचा प्रश्न. मी दाराशी नकाशा टांगायच्या निमित्ताने उभा असायचो. माझं काम संपलेलं असायचं, पाय निघायचे नाहीत.

मग ग्रीस आलं. पुस्तकात तत्त्वज्ञानाच्या चारच ओळी होत्या, पण बाईंना त्या म्हाताऱ्याचं वेड. सॉक्रेटिस नाव. अनवाणी फिरायचा, अथेन्सच्या बाजारात लोकांना गाठून विचारायचा, धैर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय. समोरचा ऐटीत उत्तर द्यायचा, हा त्यावर दुसरा प्रश्न टाकायचा, त्यावर तिसरा, शेवटी समोरच्याला कळायचं की आपल्याला काहीच माहीत नाही. लोक चिडले, त्याच्यावर खटला भरला. गावातल्याच माणसांनी न्यायाला बसून मतं टाकली आणि त्याला विष प्यायला लावलं.

बाई म्हणाल्या, आपण हा खटला इथे चालवू. मला वाण्याकडून वाल आणि काळे चणे आणायला सांगितले, प्यायच्या पाण्याचा माठ रिकामा केला. वाल म्हणजे दोषी, चणा म्हणजे निर्दोष. मूठ झाकून माठात टाकायचं, कोणी काय टाकलं ते कोणाला कळता कामा नये. बाईंनी त्या म्हाताऱ्याची बाजू अशी मांडली की माझ्यासारख्याचे डोळे ओले झाले. मग बायका एकेक उठल्या, मुठी माठात गेल्या. माठ उलटा केला तर वालच वाल.

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी कारण विचारलं. पहिल्या बाकावरची म्हणाली, बाई, तो दिवसभर बाजारात गप्पा मारतो, मग घरी त्याची बायको काय शिजवते? दुसरी म्हणाली, तीन पोरं म्हणालात ना त्याला? सगळ्या वर्गाने एकमुखाने त्या ग्रीक बाईची कड घेतली. कर्णिक बाई एवढ्या हसल्या की खुर्चीवर बसल्या. वाल-चणे वाया घालवायचे नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी एकीने त्याची उसळ करून आणली, मलाही मिळाली.

सुमनने वालच टाकला होता, पण तिचं कारण वेगळं. ती उभी राहून म्हणाली, "बाई, त्याने माणसांना चारचौघांत तोंडघशी पाडलं. असं पाडलेला माणूस मग खरं असलं तरी ऐकतो का?"

बाईंनी हसणं थांबवलं. "मग त्याने काय करायला हवं होतं, सुमनबाई? गप्प बसायचं?"

ती खाली बसली. घरी येऊन भाकऱ्या थापताना एकदम म्हणायची, गप्प पण नाही बसायचं, मग करायचं काय? मी म्हटलं, भाकरी करपतेय ती बघ आधी.

आता शेवंतीचं सांगतो. शेवंती आमच्याच गावची, आमच्याच चाळीत राहणारी विधवा, दोन मुलींची आई. तीही त्या वर्गात होती, मागच्या बाकावर, कधी तोंड न उघडणारी. तिने थोरलीचं लग्न काढलं. आमच्या कोकणातल्या गावांची मुंबईतही गावकी असते. गावकी म्हणजे गावच्या माणसांची पंचायतच. लग्नात गावकीच्या प्रमुखाला मानाचा नारळ द्यायचा, आणि मुलीचा बाप नसेल तर कन्यादानाला चुलत्याने बसायचं, अशी रीत. शेवंतीच्या दिराने भाऊ मेल्यापासून तिच्या दाराला पाय लावला नव्हता. ती म्हणाली, मुलगी मी वाढवली, पाटावर मीच बसणार. बसली. विधवा बाई पाटावर बसली म्हणून आमचे प्रमुख तात्या मानाचा नारळ न घेताच मांडवातून उठून गेले.

पुढच्या रविवारी सकाळी गावकीची बैठक लागली, शेवंतीला वाळीत टाकायला.

बाहेरच्यांना हे जुनं काहीतरी वाटेल. वाळीत टाकलं म्हणजे तुमच्या घरचं पाणी कोणी पीत नाही, तुमच्या गणपतीला कोणी येत नाही, तुमच्या मयताला खांदा मिळत नाही. शेवंतीच्या धाकटीचं लग्न गावातल्याच घरात ठरलेलं होतं. मुलाच्या बापाने निरोप पाठवला, बैठकीत काय होतं ते बघून सांगतो. म्हणजे थोरलीच्या लग्नात आई पाटावर बसली त्याची किंमत धाकटीने भरायची. शेवंती आमच्याकडे येऊन बसली, रडली नाही, नुसती पदराचं टोक पिळत होती.

बैठक तात्यांच्या चाळीपुढच्या पटांगणात. पुरुष सतरंजीवर, बायका मागे व्हरांड्यात उभ्या. बायकांनी बोलायचं नाही. तात्या म्हणजे वाईट माणूस नव्हे. संपात कित्येकांना त्यांनी धान्य दिलंय, मला शाळेत लावणारा गाववाला म्हणजे तेच. म्हणूनच त्यांच्यापुढे कोणाची जीभ उचलत नसे. आमच्याकडे ठराव मतांनी होत नसे. गाऱ्हाण्यासारखं चालायचं: तात्या एकेक वाक्य बोलायचे आणि सगळ्यांनी म्हणायचं, होय म्हाराजा. गाऱ्हाणं देवाला घालायचं असतं. कधीपासून आम्ही ते तात्यांना घालायला लागलो, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तात्यांनी सुरुवात केली, शेवंतीने गावचा मान मोडला. सतरंजीवरून आवाज आला, होय म्हाराजा. मीही म्हटलं. सवयीने तोंडातून निघतंच ते. तेवढ्यात मागून सुमनचा आवाज आला.

"तात्यानू, एक इचारू?"

सगळ्यांनी माना वळवल्या. तात्यांचा पुतण्या ओरडला, "तू कोण गो इचारणारी? बस खाली."

"जागा खंय हा बसायला? मी उभीच असंय." व्हरांड्यातल्या बायका हसल्या. सुमन पुढे म्हणाली, "माका कळणा नाय म्हणून इचारतंय. मान म्हणजे नारळ काय?"

तात्या म्हणाले, नारळ नव्हे, मान म्हणजे आदर.

"मगे नारळ घेतल्याशिवाय उठलात, तर आदर कमी झालो तो कोणाचो?"

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. तात्यांचा चेहरा लाल झाला. आणि मी बघितलं, सुमननेही ते बघितलं. मला ठाऊक होतं तिच्या डोक्यात काय चाललंय. तो अथेन्सचा म्हातारा इथेच फसला होता. आणखी एक प्रश्न टाकला असता तर पटांगण हसलं असतं आणि शेवंती कायमची गेली असती.

तिने हात जोडले. "चुकलंय. माका दुसरा इचारूचा हा. गावकी म्हणजे कोण? तुम्ही, की हे सगळे?"

तात्या गुरकावले, हे सगळे.

"ह्यांच्या मनात काय हा, ता तुमका कळूक नको? तुमच्या तोंडावर हे होयच म्हणतले. माझो घोव पण आत्ताच म्हणालो. तुम्ही आमका खाऊक घातलास, तुमका नाय कोण म्हणतलो? मगे तुमका खरा सांगतलो कोण?"

तात्यांनी सतरंजीवरच्या एकेकाकडे नजर फिरवली. मला वाटतं, त्यांना हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं, की तुमचं उपकाराचं ओझं एवढं आहे की तुम्हाला खरं ऐकायला मिळत नाही. शेवटी म्हणाले, माझ्या माणसांची मला खात्री आहे. कर काय करायचं ते.

सुमनने वाल-चण्याची रीत सांगितली. पण वाल-चणे आणायचे कुठून, रविवार सकाळ, वाणी बंद. तेव्हा तात्यांची बायको, जिला मी कधी चार शब्द बोलताना ऐकलं नव्हतं, ती आत गेली आणि दोन डबे आणि आपली पितळेची कळशी घेऊन आली. कळशी तिने नवऱ्यापुढे ठेवली आणि परत व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

माणसं एकामागून एक उठली. त्या कळशीपाशी जाताना मोठमोठे बाप्ये पोरांसारखे मूठ घट्ट आवळून चालत होते. मीही गेलो. बायकांना मत नव्हतंच, ते मागायचं त्या दिवशी कोणालाही सुचलं नाही, सुमनलाही नाही. कळशी सुपात उलटी केली. मोजायची गरज पडली नाही, सूप काळं दिसत होतं.

तात्यांनी चण्यांत बोटं फिरवली. मान वर न करता म्हणाले, शेवंतीने नारळ आणून द्यावा, विषय मिटला.

इथे एक गोष्ट झाली. शेवंती, ती कधी न बोलणारी, पुढे येऊन म्हणाली, "माझा चुकला नाय असा गावानच सांगितला, मगे नारळ कशाक?"

सुमनने तिचा हात धरला, कानाशी काहीतरी बोलली. शेवंती गेली, नारळ घेऊन आली, तात्यांपुढे ठेवला. धाकटीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. त्या लग्नातही शेवंतीच पाटावर बसली आणि तात्या जेवून गेले.

सोमवारी सुमनने वर्गात हे सगळं सांगितलं. मला वाटलं बाई शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, नारळ द्यायला तुम्ही का लावलंत? ती म्हणाली, धाकटीसाठी. बाई म्हणाल्या, बरोबर केलंत. मग म्हणाल्या, शेवंतीचा प्रश्नही बरोबर होता. दोन्ही बरोबर कसं असेल म्हणून त्या दिवशी वर्ग असा भांडला की मी घंटा द्यायचीच विसरलो आणि वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली आले.

सुमनही दहावीला बसली; गणितात गेली, इतिहासात चांगल्या मार्कांनी सुटली. परत गणिताला बसली नाही. पुढे कर्णिक बाई दुसऱ्या शाळेत गेल्या, वर्ग बंद पडला, मीही रिटायर झालो. पण तो नारळ सुमनच्या मनातून गेला नाही. सणासुदीला एखादी म्हणायची, मामी, तू तेव्हा शेवंतीला वाचवलंस, तर ही म्हणायची, वाचवली गो, पण तिला खाली बघायला लावून वाचवली. मी तिला सांगायचो, तुझ्या त्या म्हाताऱ्याला तेवढंही जमलं नाही. ती म्हणायची, त्याने नारळ दिला नाही म्हणून तर आपण अजून त्याचं नाव घेतो. घरात एवढी हुशार बाई असली की नवऱ्याला हरायची सवय होते, आणि त्या हरण्यातही मजा असते, हे मी कोणाला आधी सांगितलं नाही.

ती गेली त्या संध्याकाळी सगळी गावकी आली. तात्या आता नाहीत, त्यांचा पुतण्या सगळं बघतो. त्यानेच पहिला खांदा दिला. आम्हाला मूलबाळ नाही, अग्नी मी दिला. बायका रीतीप्रमाणे चाळीच्या तोंडापर्यंत आल्या आणि थांबल्या. शेवंतीही थांबली.

रात्री झोप नव्हतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला जायचं होतं, माणसं खाली जमत होती. मी आंघोळ केली, धोतर नेसलो आणि जिना उतरायच्या ऐवजी शेवंतीच्या दाराशी गेलो. ती आता सत्तरीची. म्हटलं, चल, सुमनच्या अस्थी गोळा करायला तू यायचं. ती म्हणाली, बायका तिथे येत नाहीत, मामा, गावकीला विचारलंत का?

मी म्हटलं, "नाही विचारलं. विचारणारही नाही."

तिने चपला घातल्या. खाली पुतण्याने तिला बघितलं, मला बघितलं आणि वाट सोडली. शेवंती मान वर करून माझ्या बरोबरीने चालली. स्मशानात राख अजून कोमट होती. त्यावर दूध-पाणी शिंपडलं, आणि पहिलं हाड तिने उचललं.